लिलाव पावसातच का?

पेपरात ई-लिलावाची जाहीर सूचना आलीय. 'जसे आहे जेथे आहे' तत्त्वावर, मौजे मुरूड, तालुका दापोली (जंजिऱ्याचं नव्हे, कर्व्यांचं मुरूड). माझ्या मामाचं लॉज आहे ते, कर्ज थकलं म्हणून बँकेने लिलावाला काढलेलं. मालमत्ता पाहण्याची तारीख जुलैमधली. जुलै! ज्याने ही तारीख घातली त्याने कोकणातला जुलै बघितलाय का कधी? माडाच्या झावळ्यांची झडपं बांधलेली, भिंतींना ओल, अंगणात पाय ठेवला की शेवाळावरून घसरायचं. त्या दिवसांत पुण्याहून कोण येणारे बघायला? येणार तो आधीच भाव पाडून ठेवलेलाच. राखीव किमतीला कोणी उभं राहिलं नाही की पुढच्या वेळी किंमत आणखी खाली.

मामा शाखेत गेला होता हो. मे महिन्याची सगळी कमाई घेऊन गेला, भरली, आणि एवढंच म्हणाला की साहेब, दिवाळी जाऊ द्या, राहिलेलं चुकतं करतो. साहेब नवीन, बदलून आलेले, बोलायला चांगले. "काका, माझ्या हातात काही नाही, वरून येत नाही." वर म्हणजे कुठे ते कोणी सांगत नाही.

आंब्यावरचं पीककर्ज थकलं की नाही हे हंगाम बघून ठरवतात. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे तो. आणि शेतजमिनीला सरफेसी कायदा (कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा) लागत नाही. पण त्याच आगरातला तुकडा एनए, म्हणजे बिगरशेती, करून त्यावर खोल्या बांधल्या, की तुम्ही झालात व्यावसायिक कर्जदार. मग ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए (म्हणजे थकीत कर्ज), ६० दिवसांची नोटीस, दाराला ताब्याचा कागद. आता मला सांगा, मुरूडच्या लॉजला आंब्यापेक्षा वेगळा हंगाम आहे का? जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक नाही. हे चार महिनेच ९० दिवसांपेक्षा जास्त होतात की! बारा महिन्यांचा सारखा हप्ता ज्याने बांधून दिला, त्याने हा हिशोब तेव्हा का नाही केला?

आणि तेव्हाचं मला चांगलं आठवतंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. लॉजचे पत्रे उडाले, मागची सुपारी आडवी झाली. लॉकडाऊनमुळे सहा महिने हप्ते थांबवायची सवलत होती खरी, पण व्याज कुठे थांबलं होतं? ते चढतच होतं. पुढे पर्यटक परत यायला लागले तेव्हा याच बँकेचा माणूस मामाच्या पडवीत बसून, आंबावडी खात, सांगत होता, "दुरुस्ती करताच आहात तर वरचा मजला घ्या, एसी करा, आम्ही आहोत." तेव्हा मागाल तेवढं मिळत होतं. आता दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं तर वरून येत नाही.

हो, बँकेचा पैसा ठेवीदारांचा असतो. माझ्या आईची एफडीही तिथेच आहे. मान्य.

पण जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांशीसुद्धा तडजोड करायची वाट बँकांना मोकळी करून दिली, तेव्हा ठेवीदार कुठे गेले होते? आमच्यासारख्यांच्या बाबतीत मात्र एकरकमी तडजोड (ठरलेली रक्कम एकदम भरून खातं मिटवणं) हा कर्जदाराचा हक्क नाही, हे सुप्रीम कोर्टाचं डिसेंबर २०२१ चं म्हणणं वकील तोंडावर फेकतात. म्हणजे सगळं बँकेच्या मर्जीवर. मर्जी कोणावर बसते ते आपण सगळेच बघतोय.

"कर्ज काढलं कशाला" असं कमेंटमध्ये लिहिणार असाल तर लिहू नका, मी डिलीट करणार आहे. मुलांनी गावात राहावं, मुंबईला जाऊन चाळीस मजली इमारतीची वॉचमनकी करू नये, म्हणून काढलं. गावात राहून काहीतरी करा, हे भाषण आपण सगळ्यांनीच टाळ्या वाजवत ऐकलंय ना?

दुपारी मामाला फोन केला. मला वाटलं चिडलेला असेल. तर म्हणतो, "अगो, त्या साहेबाला नको बोलू काही, त्याचीही नोकरी आहे." मग बराच वेळ वरच्या मजल्याच्या गळतीबद्दल बोलत राहिला. गिलावा करून घेऊ का म्हणे. लिलाव आठवड्यांवर आलाय आणि हा माणूस गिलाव्याचा विचार करतोय. मला काय बोलावं कळेना, म्हटलं करून घे.

आता कामाचं. सूचना छापून आल्यावर सगळे पैसे घेऊन गेलं तरी बँकेने ते घेतलेच पाहिजेत असं राहत नाही, हे मला आजच कळलं. तेव्हा घाई आहे. डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) अशी प्रकरणं चालवलेला वकील कोणाच्या माहितीत असेल तर इनबॉक्समध्ये नंबर टाका. आपल्या जिल्ह्यात डीआरटी नाही, त्यामुळे मुंबई-पुण्याचा असला तरी चालेल, फक्त फी आधी सांगणारा हवा. आणि दापोली, गुहागर, मालवण, जिथे कुठे तुमचं लॉज किंवा होमस्टे कर्जावर उभं असेल, तर मंजुरीपत्र आज बाहेर काढून हप्ते कोणत्या महिन्यांत लावलेत ते बघा.