एकशेवीस अधिक एकशेवीस बरोबर साठ

दुरुस्तीच्या बिलातले दोन रुपये कापले त्याचं काही वाटत नाही, असं मी घरी सांगितलंय. वाटतंय. विजेला अडवणाऱ्या १२० ओहमच्या एका रेझिस्टरचे ते दोन रुपये. त्यासमोर लाल शाईत शेरा आहे : ‘वस्तू बसवल्यावर माप घटले.’

बेळगावच्या उद्यमबागेतला कारखाना. हायड्रॉलिक प्रेसवर दाब मोजणारं कार्ड, तिथून बारा मीटरवर डिस्प्लेचं कार्ड, मध्ये कॅन बस, म्हणजे कार्डांनी एकमेकांना निरोप धाडायची पिळाच्या दोन तारांची जोडी. पाठवणारा म्हणतोय गेलं, डिस्प्लेवर शून्य. दुखणं एवढंच.

मालकांचे काका पतसंस्थेतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. खुर्ची माझ्या पाठीला टेकवून बसले आणि नळाची वाट बघितल्यासारखं दर दोन मिनिटांनी, “आलं काय ओ?”

पहिली पायरी : लाईट बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन तारांमध्ये मीटर लावायचा. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लागतो. ६० ओहम आले तर दोन्ही जागेवर. १२० म्हणजे एक गायब, ४० म्हणजे कुणीतरी हौसेनं तिसरा लावलाय. इथं १२० आले. डिस्प्लेच्या टोकाला रेझिस्टरच नव्हता. लावला, परत मोजलं, ६०. मी खूश. काका उठून उभे.

“तुम्ही यायच्या आधी १२० होतं.”

“होय.”

“त्यात आणि १२० घातलासा. २४० व्हायला पाहिजे की नको? आलं ६०. मधलं १८० कुठं गेलं?”

“काका, समांतर जोडणी आहे.”

“समांतर असू दे न्हाईतर आडवी. बेरीज ती बेरीज. तीस वर्षं खतावणी लिहिलो मी.”

मी दारांचं उदाहरण दिलं. लग्नाच्या हॉलला एक दार असलं की गर्दी तुंबते, दुसरं उघडलं की अडथळा निम्मा. काका विचारात पडले. मला वाटलं, जिंकलो.

“बरोबर. दुसरं दार उघडलासा, म्हणून १८० बाहेर गेलं.”

यानंतर त्यांनी कामगाराला हाक मारून माझ्या पिशवीवर लक्ष ठेवायला सांगितलं. चहा आला तो त्यांनाच.

बारा मीटरच्या तारेवर २५० केबीपीएसच्या वेगाला एक रेझिस्टर नसला तरी बस बहुधा रखडत चालते, त्यामुळे मूळ रोग तो नव्हताच. लाईट चालू केली. बस गप्प असताना दोन्ही तारा ग्राउंडच्या मानानं अडीच व्होल्टच्या आसपास पाहिजेत, त्या होत्या. निरोप चालू झाले की हाय थोडी वर सरकते, लो थोडी खाली. तेही झालं. तारा अदलाबदल नव्हत्या.

आता खरी गोम. कॅनमध्ये निरोप ऐकणारं कार्ड शेवटी एका बिटाची पोच देतं. बसवर ही दोनच कार्डं. पाठवणाऱ्याला पोच मिळतेय म्हणजे तार, वेग, समोरचा ट्रान्सीव्हर (तारेवर बोलणारी-ऐकणारी चिप) सगळं ठीक. पण पोच द्यायची ती निरोप चुकीशिवाय आला एवढ्यावर. तो आपल्या कामाचा आहे का, हे बघणारं फिल्टर त्याच्या पुढं. पोच द्यायची आणि निरोप टाकून द्यायचा, असला कारभार चिपच्या घटनेतच मंजूर आहे.

डिस्प्लेत एसटीएम३२एफ१०३ ही चिप. तिच्यात चौदा फिल्टर बँका, म्हणजे फिल्टरांचे कप्पे, आणि एकही चालू नसेल तर आत काहीच येत नाही. लूपबॅकवर, म्हणजे चिपनं स्वतःशीच बोलायच्या मोडवर, टाकून बघितलं, स्वतःचाच निरोप स्वतःला मिळेना. लूपबॅकमध्ये तारेचा संबंध नसतो, फिल्टर मात्र लागतं. मग मास्क, म्हणजे क्रमांकातले कुठले बिट तपासायचे ते ठरवणारा आकडा, शून्य केला, म्हणजे सगळ्यांना प्रवेश. डिस्प्लेवर आकडे धबाधबा.

“आलं काय ओ?”

“आलं!”

“मीटरवर?”

लाईट बंद करून मीटर लावला, ६०च. काका परत बसले.

चूक अशी : निरोपाचा क्रमांक हेक्समध्ये, म्हणजे सोळा-आधारी आकड्यांत, ३२१, आणि आधीच्या गड्यानं तो फिल्टरात तसाच लिहिलेला. सोळा बिटांच्या फिल्टरात अकरा बिटांचा क्रमांक वरच्या अंगाला बसतो, म्हणून पाच घरं डावीकडं सरकवून ६४२० लिहायचा. मास्कही तसाच, ७एफएफ नव्हे, एफएफई०. बत्तीस बिटांचं फिल्टर असेल तर एकवीस घरं. हे चिपच्या मॅन्युअलात आकृतीसकट छापलंय. पण मॅन्युअल उघडायचं म्हटलं की आपल्याकडं लोकांना ताप भरतो, आणि मग त्या आधीच्या गड्याला पूर्ण पैसे मिळतात आणि मला शेरा.

बिलात मजुरी १,८०० लावली होती.

“काय बदललासा?”

“आकडे सरकवले.”

“सरकवलासा. नवीन काय बसवलासा?”

“तो रेझिस्टर.”

“त्यानं घट आली.”

चार तास मान मोडून बसलो त्याला वस्तू म्हणत नाहीत, हे मला मान्य आहे. पण बेअरिंग बदललं असतं तर पाच मिनिटांत रोख मिळाले असते, वर कुंदा मिळाला असता.

दोन रुपये वजा करून नवं बिल दिलं. त्याची पोच आहे माझ्याकडं. शिक्का, सही, तारीख, सगळं आहे. काल फोन केला.

“बिल पोचलंय की,” काका म्हणाले. “बघितलो न्हाई अजून.”