पैसा गेल्या वाटेने परत येत नाही

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला चार जणांकडून आला. शेवटचा एका जुन्या मित्राकडून, रात्री दीड वाजता. मजकूर थोडक्यात असा: ‘पैसा बुडाला म्हणून खचू नका. तो ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परत येतो, फक्त डाव सोडू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची, कुणापुढे रडू नका. कर्जाचा शेवटचा पैसा फिटेपर्यंत शिल्लक टाकू नका. मार्क ट्वेनचं दिवाळं निघालं, तरी त्याने पै न पै फेडली. इच्छाशक्ती असेल तर दोन वर्षांत सगळं पूर्ववत.’

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण यातलं एकेक वाक्य अडचणीतल्या माणसाने खरं मानलं तर तो आणखी खोलात जाईल. आणि मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाचं उदाहरण तर लिहिणाऱ्यावरच उलटतं.

आधी पैशाची ती परतीची वाट तपासू. शंभराचे पन्नास झाले की तोटा 50 टक्के. त्या पन्नासाचे पुन्हा शंभर व्हायला मात्र 100 टक्के वाढ लागते. 80 टक्के बुडाले असतील तर 400 टक्के. म्हणजे खाली उतरायला लागल्या त्यापेक्षा वर चढायला पायऱ्या जास्त. वर्षाला 8 टक्के वाढ धरली तर पन्नासाचे शंभर व्हायला नऊ वर्षं जातात. तेच मेसेजमधल्या दोन वर्षांत करायचं तर दरसाल 41 टक्क्यांहून अधिक परतावा हवा. एवढा परतावा कबूल करणारा कुणी भेटला, तर समजा दुसरा तोटा दारात उभा आहे. (‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी तेवढी फी भरा’ म्हणणारे तर बुडालेल्यांनाच हुडकत असतात.)

मग ‘डाव सोडू नका’ हे इतकं का पटतं? रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन या अभ्यासकांनी 1990 साली यावर लिहिलं आहे. तोटा झालेला माणूस एरवी जोखीम टाळतो, पण एका फटक्यात मूळ आकड्यावर परत नेण्याची शक्यता दाखवणारा डाव त्याला विलक्षण मोहात पाडतो. हे धैर्य नव्हे. जखम बंद करण्याची ती घाई असते. माझाही एक धंदा बसला होता, आणि त्या दिवसांत मी जे सर्वांत वाईट निर्णय घेतले ते सगळे ‘निदान मुद्दल तरी सुटू दे’ या एका वाक्याने सुरू झाले होते. गेलेल्या आकड्याला उद्दिष्ट मानणं हीच या मेसेजची मूळ चूक आहे. बाकीच्या चुका तिच्याच पोटच्या.

झाकली मूठ. अब्रूपुरतं ठीक. पण व्याजाला मूठ झाकलेली आहे की उघडी याच्याशी काही देणंघेणं नसतं. महिना 3 टक्के दराचं क्रेडिट कार्डाचं देणं बघा: चक्रवाढीने ते वर्षाला सुमारे 42.6 टक्के पडतं. थकबाकीच्या 5 टक्के एवढीच किमान रक्कम भरत राहिलात, तर त्यातले तीन टक्के व्याजात जातात आणि मुद्दल दोन टक्क्यांनी घटतं. नवी खरेदी एका पैशाची न करतासुद्धा देणं निम्म्यावर यायला सुमारे 34 महिने लागतात! घरात कुणाला कळू नये म्हणून माणसं हीच किमान रक्कम भरत राहतात. याउलट हप्ता चुकण्याआधी देणेकऱ्याने स्वतःहून जाऊन मुदत वाढवून मागितली, तर बोलणीला जागा जास्त असते. तीन हप्ते थकल्यावर तोच माणूस वसुलीच्या यादीत जातो. आणि घरच्यांना कळल्याशिवाय घरचा खर्च कमी कसा होणार?

शिल्लक न टाकण्याबद्दल फार बोलायला नको. हातात काहीच नसेल तर पुढचं आजारपण किंवा गाडीची दुरुस्ती पुन्हा त्याच महागड्या कर्जात जाते. आधी महिनाभराच्या गरजेपुरतं बाजूला ठेवावं, मग सर्वांत चढ्या व्याजाचं देणं फेडायला घ्यावं. काहीजण सर्वांत लहान देणं आधी मिटवतात. हिशेबाने ते थोडं महाग पडतं, पण त्याने हुरूप येत असेल तर माझी हरकत नाही.

आता ट्वेन. 1894 मध्ये त्याची प्रकाशन संस्था बुडाली. त्याआधी अक्षरं जुळवणाऱ्या एका यंत्रात तो वर्षानुवर्षं पैसे ओतत होता, ‘आता एवढंच घातलं की झालं’ या आशेने. म्हणजे डाव न सोडण्याचं त्याचं व्रत पुरेपूर पाळून झालं होतं. बाहेर पडला तो वेगळ्या रीतीने. हेन्री रॉजर्स या स्टँडर्ड ऑइलच्या धनाढ्य अधिकाऱ्याच्या हाती त्याने सगळे व्यवहार सोपवले. धनकोंशी बोलणी रॉजर्सने केली. पुस्तकांचे हक्क ट्वेनच्या बायकोच्या नावे करून धनकोंच्या हाती पडू दिले नाहीत, कारण पुढची कमाई तिथूनच होणार होती. आणि ट्वेनने यंत्राचा नाद सोडून आपल्याला येत होतं तेच केलं: 1895-96 मध्ये जगभर व्याख्यानं दिली आणि लिहिलं. 1898 पर्यंत देणी फिटली. मूठ त्याने उघडली होती, डाव सोडला होता आणि कमाईचं साधन राखलं होतं. शिवाय तो आधीच जगप्रसिद्ध होता, हे मेसेजवाले सोयीने विसरतात. तरीही त्याला चार वर्षं लागली.

राहिली इच्छाशक्ती. 2013 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या विचारशक्तीच्या चाचण्या कापणीआधी, हात आखडता असताना, घेतल्या आणि कापणीनंतर पुन्हा घेतल्या. माणसं तीच, पण पैशाच्या ओढाताणीच्या दिवसांत त्यांचे गुण कमी भरले. ओढाताण डोक्याचीही जागा खाते, असा त्यातून अभ्यासकांनी काढलेला अर्थ. अशा माणसाला ‘मन खंबीर ठेव’ सांगून काय होणार? त्याच्या डोक्यावरचे निर्णय कमी करून द्यावे लागतात: हप्ते आपोआप वळते होतील अशी सोय, मोठ्या निर्णयांवर काही महिने बंदी, आणि कागद घेऊन शेजारी बसणारं कुणीतरी.

मेसेज पाठवणाऱ्या त्या मित्राला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. दोन वर्षांचं काही बोललोच नाही. म्हटलं, “अरे, कागद घे आणि कुणाचं किती, किती टक्क्यांनी, एवढंच लिही.” अकरा ओळी झाल्या. नवव्या ओळीला तो थांबला आणि म्हणाला, “हे तर मी धरलंच नव्हतं.” मग त्याने दहावी लिहायला घेतली.