चाकू की दागिना?

पुन्हा तोच प्रश्न: "एवढा महाग घडीचा चाकू घेण्यात अर्थ आहे का?" आणि विचारणाऱ्याने तो आधीच घेतलेला! हातात खटखट उघड-मीट चालू. हो रे बाबा, एम३९० पोलाद, धातूच्या पावडरपासून बनवलेलं, कडकपणाच्या रॉकवेल मापावर ६०च्या पुढे. धार टिकते, मान्य. पण एकदा बोथट झालं की साध्या दगडावर बराच वेळ घासत बसा, नाहीतर धार लावायला हिऱ्याची पट्टी घ्या. टायटॅनियमची मूठ, सांध्यात बेअरिंग, सगळं झकास. कापायचं काय, तर पार्सलची चिकटपट्टी. तीही नाही, पात्याला ओरखडा पडेल ना! परवा खोकं उघडायला मागितला, तर साहेबांनी दुसऱ्या खिशातून प्लॅस्टिकचा कटर काढून दिला.