‘एनजीओंनी जीडीपी बुडवला’ : दाजींच्या मेसेजला उत्तर

ताईच्या मुलीने एमएच्या प्रबंधासाठी ‘स्वयंसेवी संस्था आणि सरकारी धोरण’ हा विषय घेतलाय. परवा दाजींनी तिच्यापुढे मोबाईल धरला, ‘या टोळीवर वर्ष घालवणार तू?’ मेसेज तोच, कितीदा फिरून आलेला. एनजीओंमुळे जीडीपी दरवर्षी २-३ टक्क्यांनी घटतो. परदेशी पैशावर त्या हवे तसे कायदे करून घेतात. हिशेब कुणालाच देत नाहीत. आणि एवढं करून एकाही गरिबाचा जीव त्यांनी वाचवलेला नाही. पोरगी गप्प बसली. मला ते जमत नाही.

जीडीपीचा आकडा आभाळातून पडलेला नाही, हे खरं. जून २०१४ मध्ये गुप्तचर विभागाचा एक अहवाल फुटला, त्यात तो होता, जीडीपीच्या वाढीबद्दल. पण त्या काळात अर्थव्यवस्था वाढतच होती पाच-सहा टक्क्यांनी. म्हणजे धरणं धरणाऱ्या आणि पत्रकं वाटणाऱ्या माणसांनी झालेल्या वाढीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, कदाचित त्याहून जास्त, वाढ गिळली म्हणायचं. प्रकल्प जमिनीसाठी अडतो, परवानगीसाठी अडतो, बँकेच्या कर्जापायी अडतो. ते सगळं एनजीओंच्या खात्यावर टाकलं की झालं.

परदेशी पैशावर कायदे? मग माहितीचा अधिकार घ्या. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने गावागावांत जनसुनवाया घेतल्या. मजुरांची हजेरीपटं लोकांपुढे वाचली, आणि कामावर कधी न गेलेल्यांची नावं त्यात निघाली. असे कागद बघण्याच्या हक्कासाठी १९९६ साली ब्यावरला ४० दिवस धरणं चाललं, २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. ही संघटना परदेशी निधी घेतच नाही. धोरणावर दबाव आणतात म्हणाल तर आणतात, त्यासाठीच तर त्या आहेत. उद्योजकांच्या संघटना दर बजेटच्या आधी निवेदनं घेऊन अर्थमंत्र्यांना भेटतात, त्याला कुणी कट म्हणत नाही.

आता तो शेवटचा मुद्दा, एकाही गरिबाचा जीव न वाचवल्याचा. सगळ्यात संताप त्याचाच येतो, कारण हे ऐकून उद्या कुणी आशाताईला, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेला, दारातून परत पाठवेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या बायकांना शिकवलं : बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची, आणि वेळ पडली तर अँटिबायोटिकचं इंजेक्शनही द्यायचं. डॉक्टर नसलेल्या बाईने नवजात बाळाला सुई टोचायची, ही कल्पनाच तेव्हा धाडसाची होती. डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ६२ होतं, तिसऱ्या वर्षी ते २५ च्या आसपास आलं. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत त्याच वर्षी ते साठाच्या घरातच होतं. हा मेसेज नाही दाजी, जगभरच्या डॉक्टरांनी वाचलेला शोधनिबंध आहे.

आणि हो, या प्रयोगाला फोर्ड आणि मॅकआर्थर या परदेशी फाउंडेशनांचा पैसा होता. लपवण्यासारखं त्यात काय आहे? त्या पैशातून काय उभं राहिलं, ते विचारा. मेसेज म्हणतो त्याप्रमाणे पैसा आला की धोरण बदलत असतं, तर २००० सालीच सरकारी आदेश निघायला हवा होता. तसं झालं नाही. आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्याच वैद्यकीय संशोधन परिषदेने, पाच राज्यांत ही पद्धत स्वतः तपासून पाहिली आणि २०११ मध्ये केंद्राने आशांमार्फत घरपोच नवजात-सेवेचा कार्यक्रम देशभर सुरू केला. छापील पुरावा हातात असून बारा वर्षं गेली. मुठीत सरकार असलेली माणसं इतकी थांबतात होय?

उरला हिशेब. इथे मेसेजच्या पदरात थोडं टाकावंच लागेल. २०१५ मध्ये सीबीआयने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की देशातल्या सुमारे ३० लाख नोंदणीकृत संस्थांपैकी वार्षिक हिशेब देणाऱ्या दहा टक्केही नाहीत. लाज वाटावी असंच आहे ते. फक्त या लाखांत शाळा चालवणारी मंडळं येतात, क्रीडामंडळं येतात, नुसती कागदावर उरलेली मंडळंही येतात. दाजी स्वतः ज्या मंडळाचे खजिनदार आहेत तेही, बहुधा. उलट परदेशी पैसा घेणाऱ्यांना गृहमंत्रालयाकडे दरवर्षी वेगळं विवरण भरावं लागतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यावा लागतो आणि प्रशासनावर त्यातला २० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही.

पोरीने काल प्रबंधाचा विषय जरा आवळून घेतला. १९९९ ते २०११ या काळात गडचिरोलीची ती फाइल कुणाच्या टेबलावर पडून होती, कुणी पुढे सरकवली, कुणी शेरा मारून परत पाठवली, एवढंच ती शोधणार आहे. माहिती अधिकाराचा पहिला अर्ज लिहून झालाय. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणून द्यायला तिने दाजींनाच सांगितलंय.