पोर्टला टाका घालावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोर्ट, म्हणजे साधनं आत न्यायला पोटाच्या भिंतीत बसवलेली नळी, निसटतो तो सर्जनच्या हातामुळे. हात बसलेला असेल तर टाका घालून पोर्ट बांधायची गरज नाही, आणि मागच्या लेखात मी नवशिक्यांना नसती सवय लावली. शिवाय स्क्रूसारख्या आट्यांच्या कॅन्युला (पोर्टच्या नळ्या) पोटाच्या भिंतीला इजा करतात, हे मी लपवलं.

आट्यांचं तुमचं म्हणणं रास्त आहे. आटे पकड देतात, पण ऊती ओरबाडतात. ते लिहायचं राहिलं, लेखात आज भर घातली आहे.

हाताचा मुद्दा मात्र मला अजिबात पटत नाही. कॅन्युलातलं सील, म्हणजे पोट फुगवायला भरलेला कार्बन डायऑक्साइड गॅस अडवणारी झडप, साधनाला घट्ट धरतं, म्हणून साधन बाहेर काढलं की कॅन्युलाही केसभर बाहेर सरकते. दोन-तीन तासांत साधनं किती वेळा बदलतात, ते एकदा मोजून बघा. त्यात पोर्ट म्हणजे तरफेचा टेकू, प्रत्येक हालचालीचा ताण भिंतीवर येऊन छिद्र सैल होत जातं. हात कितीही तयार असला तरी हे चुकत नाही.

शिकाऊ असताना पित्ताशयाच्या एका शस्त्रक्रियेत मी कॅमेरा धरून उभा होतो. शस्त्रक्रिया करणारे सर निष्णात होते. त्यांनी ग्रास्पर (पकडायचा लांब चिमटा) बाहेर घेतला आणि त्याच्यासोबत ५ मिमीचा पोर्ट अख्खा हातात आला. गॅस फुसकन सुटला, पोट खाली बसलं, पडद्यावर आतडं अगदी भिंगाला येऊन भिडलं. सिस्टरनी छिद्रावर बोट दाबलं. पोर्ट घाईने परत घातला तर तो पेरिटोनियमच्या (पोटाच्या आतल्या पातळ अस्तराच्या) अलीकडेच अडकला आणि गॅस भिंतीच्या थरांत शिरला. थोड्याच वेळात बरगड्यांखाली कातडी दाबली की बोटांना चुरचुर लागायला लागली, आणि भूलतज्ज्ञ म्हणाले, "कार्बन डायऑक्साइड चढतोय, गॅस बंद करा." रुग्ण सुखरूप घरी गेला. पण ती चुरचुर मी विसरलेलो नाही.

आणि बांधणं ही काही माझी टूम नव्हे. हॅसननी १९७१ साली उघडी पद्धत मांडली, तिच्यात शंकूच्या आकाराची बाही छिद्रात बसवून फॅशियातल्या (भिंतीच्या चिवट थरातल्या) टाक्यांनी कॅन्युला जखडतात.

तरी टाका ही नंतरची गोष्ट, आधी चीर. निसटणारे बरेचसे पोर्ट मी मोठ्या चिरेतूनच निसटताना पाहिलेत. रिकाम्या कॅन्युलाचं तोंड कातडीवर दाबा, गोल ठसा उमटेल. चीर त्या ठशाच्या व्यासाएवढी, जेमतेम. जाड भिंत, छोटी शस्त्रक्रिया आणि नेमकी चीर असेल तर मीही टाका घालत नाही.

लहान मुलांत मात्र नेहमी घालतो. त्यांची भिंत इतकी पातळ असते की कॅन्युलाला धरायला काही उरतच नाही, आणि खोल ढकलावी तर साधनाचा जबडा आत उघडत नाही. म्हणून रबरी कॅथेटरचं बोटाच्या पेराएवढं नळकांडं कापून कॅन्युलावर घट्ट चढवायचं, हवी तेवढी खोली ठरवायची आणि कातडीतून घेतलेला सिल्कचा टाका त्या रबरात ओवून गाठ मारायची. मग कॅन्युला ना बाहेर येते, ना आत घसरते. वेळ लागतो मिनिटभर.

तुम्ही मुलांच्या शस्त्रक्रिया करत असाल तर टाक्याशिवाय कसं भागवता, ते नक्की लिहा.