पाव मूठ, स्नॉर्कल आणि माझी चूक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचून राग आला, हे कबूल करतो. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: मोटरसायकलचं स्नॉर्कल (एअरबॉक्समध्ये हवा नेणारी नळी) काढलं की रिस्पॉन्स, म्हणजे मूठ पिळताच गाडीची उचल, सुधारतो असा माझा लेख वाचून तुम्ही एअरबॉक्स (एअर फिल्टरची बंद पेटी) काढून पॉड फिल्टर (उघड्यावर बसणारा फिल्टर) लावला, कार्बच्या (कार्ब्युरेटरच्या) स्लाइडचं, म्हणजे आतल्या वर-खाली सरकणाऱ्या भागाचं, भोक ड्रिलने मोठं केलं, आणि आता अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळली की गाडी आधी घुटमळते, मग गचका देऊन पळते. तुमचं म्हणणं असं की कंपनीचे इंजिनिअर मूर्ख नव्हते, मला जाणवलेला 'रिस्पॉन्स' हा निव्वळ आवाजाचा खेळ होता आणि असले लेख लोकांची इंजिनं खराब करतात.

आवाजापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही मला पकडलंत.

गेल्या रविवारी एका मित्राला बोलावलं. माझ्या गाडीचं स्नॉर्कल मी काढलेलं आहे. प्रत्येक फेरीआधी मी पाठ करून उभा राहायचो. तो सीट उघडून स्नॉर्कलच्या रिकाम्या भोकाला चिकटपट्टी लावून ते मूळ स्नॉर्कलएवढं बारीक करायचा, किंवा काहीच न करता सीट पुन्हा लावायचा. माझ्या कानात बोळे, वर हेल्मेट. तिसरा गिअर, पाव मूठ. दहा फेऱ्यांत माझा अंदाज सहा वेळा बरोबर आला. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढंच. बोळे काढल्यावर दहापैकी दहा! म्हणजे फरक ओळखत होते ते माझे कान. पूर्ण मूठ पिळून वरच्या आरपीएमला गेलो तेव्हा मात्र बोळे असतानाही फरक कळला.

विचार केला तर यात नवल काही नाही. मूठ पावच उघडी असते तेव्हा हवेला सगळ्यात मोठा अडथळा बटरफ्लायचा, म्हणजे मुठीने उघडणाऱ्या झडपेचा, असतो. नळाची तोटी थोडीशीच उघडी असताना टाकीपासूनचा पाइप जाड केला तर धार वाढत नाही, तसंच. स्नॉर्कल आड येतं ते तोटी पूर्ण उघडल्यावर. आणि आपण ज्याला रिस्पॉन्स म्हणतो तो जवळपास सगळा त्या पहिल्या पाव मुठीत असतो.

मग माझी गाडी तेव्हा खरंच सुधारली होती ती कशामुळे? स्नॉर्कल काढलं त्याच दुपारी मी कार्बमधल्या नीडलखाली (पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या सुईखाली) अर्ध्या मिलिमीटरचा एक वॉशर टाकला होता. नीडल तेवढी वर आली, पेट्रोल थोडं वाढलं, मूठ उघडतानाचा कोरडेपणा गेला. दोन बदल एकदम केले आणि श्रेय जो जास्त आवाज करत होता त्याला दिलं. एका वेळी एकच बदल करा, असं दुसऱ्यांना सांगणारा मीच.

कंपनीचे इंजिनिअर मूर्ख नव्हते, हे मान्य. पण त्यांच्यापुढे फक्त तुमची मूठ नव्हती. आवाजाची मर्यादा, धुराचे नियम, थंडीत सकाळी स्टार्ट होणं, मायलेज हे सगळं एकाच सेटिंगमध्ये बसवायचं होतं. म्हणून कमी मुठीला हवा-पेट्रोलचं मिक्श्चर बहुधा लीनकडे, म्हणजे कमी पेट्रोलकडे, झुकलेलं सापडतं. वॉशरला तिथे जागा आहे, आणि त्या मतावर मी ठाम आहे.

स्लाइडचं भोक ही माझी खरी चूक. एका ओळीत लिहून पुढे गेलो, धोका सांगितलाच नाही. सीव्ही, म्हणजे व्हॅक्यूमवर चालणाऱ्या, कार्बमध्ये तुम्ही केबलने फक्त बटरफ्लाय उघडता. स्लाइड वर जाते ती व्हॅक्यूमने, आणि तिचा वेग ते भोक ठरवतं. भोक मोठं झालं की स्लाइड झटकन वर जाते, तिच्याखालून जाणाऱ्या हवेचा वेग पडतो आणि जेटमधून (पेट्रोलच्या बारीक छिद्रातून) पेट्रोल खेचायला जोरच उरत नाही. क्षणभर इंजिन नुसती हवा खातं. तुमचं घुटमळणं ते हेच असावं. त्यात पॉडने भर घातली. 6000 आरपीएमला सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिन सेकंदाला 50 घोट हवा घेतं. एअरबॉक्स त्या घोटांसाठी शांत हवेचा साठा धरून ठेवतो. पॉड इंजिनाशेजारच्या गरम, हेलकावणाऱ्या हवेत बसतो. 30 अंशांची हवा 60 अंशांवर गेली तर सुमारे 9 टक्के विरळ होते, म्हणजे पूर्ण मुठीचा फायदाही तिथेच गेला. धूळ आणि पाऊस यांचं तर बोलायलाच नको.

आता दुरुस्ती. एअरबॉक्स परत बसवा. झाकण कापलं नसेल तर उत्तमच. स्लाइड नवीनच घ्या. एपॉक्सीने भोक बुजवू नका, तुकडा सुटला तर सरळ इंजिनात जाईल. मग केबलचा ढिलेपणा बघा: मुठीच्या कडेला बहुतेक मॅन्युअल 2 ते 6 मिलिमीटरच्या आतच सांगतात. आळशी वाटणाऱ्या कितीतरी गाड्यांचा आजार एवढाच असतो. कार्ब आणि इंजिन यांच्यामधला रबर बूट वाकवून भेगा शोधा. इंजिन आयडलला ठेवून बुटाभोवती स्प्रे बाटलीने पाणी फवारा. आरपीएम हलला तर तिथून हवा घेतेय. यासाठी कार्ब क्लीनर वापरणारे बरेच आहेत, पण गरम इंजिनाजवळ पेट घेणारी वस्तू मी फवारत नाही.

एवढं करूनही घुटमळली तर मुठीवर आणि हाउसिंगवर पट्टीने खुणा करा आणि नेमकं कुठे अडखळते ते बघा. पाव मुठीच्या आत असेल तर पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू, पाव ते पाऊण असेल तर नीडल, त्यापुढे मेन जेट. स्क्रू कार्बच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो सैल केल्यावर पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर उलट. गाडी गरम असताना चोक किंचित ओढून सुधारली, तर लीन आहे हे नक्की.

फ्युएल इंजेक्शनवाल्यांनी यातलं जेटचं काही करू नये. तिथे ऑक्सिजन सेन्सर बहुतेक वेळ मिक्श्चर ठरलेल्या प्रमाणाच्या (शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा) आसपास आणत राहतो. थ्रॉटल बॉडी (बटरफ्लाय असलेला भाग) साफ करणं आणि केबलचा ढिलेपणा जुळवणं यापलीकडे घरी फारसं करण्यासारखं नसतं.

मूळ लेखातली ड्रिलची ओळ मी खोडली आहे. पुसली नाही, खोडली आहे, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते दिसेल. तुमच्या खुणेवर मूठ कुठे अडखळते ते मोजलंत की इथेच लिहा, आणि जमलं तर स्पार्क प्लगचा रंगही सांगा.