हिरोला काही कामधंदा आहे का?

रात्री साडेदहाला वहिनीचा फोन आला की मी आधी चार्जर शोधते. कारण तिने नुकतीच एखादी रोमँटिक कादंबरी संपवलेली असते आणि त्यातला हिरो तिला जगातला एकमेव पुरुष वाटत असतो, निदान पुढची कादंबरी हातात पडेपर्यंत तरी.

या खेपेला 'जेन एअर'चा रॉचेस्टर होता. "किती जीव आहे गं त्याचा तिच्यावर!" म्हटलं वहिनी, तो माणूस जिप्सी बाईचं सोंग घेऊन पाहुण्यांचं भविष्य सांगत बसतो, का तर जेनच्या मनात काय चाललंय ते काढून घ्यायला, अरे मग सरळ विचार ना तिला! आणि वरच्या मजल्यावर बायको कोंडून ठेवलीय हे कळतं कधी, तर ऐन लग्नात, तेही दुसऱ्याच माणसाकडून. "त्याची मजबुरी होती गं." मजबुरी! आमच्याकडे बँकेचं एक खातं लपवलं तरी मी दोन आठवडे अबोला धरीन, इथे अख्खी बायको लपवलीय. 'वदरिंग हाइट्स'चा हीथक्लिफही 'जेन एअर'सारखाच 1847 चा, त्या वर्षी हिरोंचा लॉटच खराब आला असणार. तो तर ज्या मुलीला पळवून नेतो तिचंच कुत्रं टांगून जातो.

माझी पार्टी कॅप्टन वेंटवर्थची. जेन ऑस्टेनच्या 'पर्स्वेजन'मध्ये ॲन त्याला नकार देते, मग साडेआठ वर्षं हा बाबा नुसता झुरत बसत नाही, नोकरी करतो, बोटी चालवतो, पंचवीस हजार पौंड कमावून परत येतो. बाकीचे हिरो दिवसभर करतात काय हा मला कायम पडलेला प्रश्न आहे. पण मी विरघळते ते पैशावर नाही, पेनवर. तो खोलीत पत्र लिहीत बसलाय, ॲन दुसऱ्याच कुणाशी तरी बोलतेय, बायका किती काळ प्रेम विसरत नाहीत वगैरे, आणि याच्या हातून पेन पडतं. बस! म्हणजे इतका वेळ कान तिकडेच होते की मेल्याचे.

"आणि डार्सी?" वहिनीने हुकमाचा पत्ता काढला. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा डार्सी मलाही मान्य आहे, पहिल्या मागणीत एलिझाबेथच्या घरच्यांचा उद्धार करतो तेव्हा नाही, पण नंतर तिच्या बहिणीचं लग्न गुपचूप स्वतःच्या पैशाने लावून देतो आणि कुणाला सांगू नका म्हणतो तेव्हा.

"आणि तो तळ्यातून ओल्या शर्टात येतो ते?"

"ते पुस्तकात नाहीये वहिनी. 1995 च्या टीव्ही सिरियलमध्ये आहे."

पलीकडे शांतता. मग अगदी बारीक आवाजात, "म्हणजे मी ते पान तीनदा शोधलं ते उगाच?"

तेवढ्यात तिच्या फोनची बॅटरी टुकटुक करायला लागली. "थांब हं... अगं, तुझ्या दादाने न सांगता चार्जर लावून ठेवला बघ." मी गप्पच झाले. न सांगता! आमचा दादा?

"कुठे लावलाय?" मी विचारलं.

"बाहेर हॉलमध्ये. तिकडे जाऊन बोल म्हणतोय, त्याला झोपायचंय."